यांबूला राहायला जायचंय, पण अल-ऐसच्या भूकंपांचं काय?

उन्हातली_जाई

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली सौदीतल्या यांबूला होतेय. आधी तो एकटाच जाणार होता. आता कंपनी फॅमिली व्हिसा देतेय, त्यामुळे मी आणि लेकीनेही जायचं असं चाललंय. लाल समुद्राच्या काठचं शहर, आखीवरेखीव वसाहत, शाळा जवळ, सगळं ऐकून बरं वाटलं होतं. पण परवा मोठ्या दिरांनी सहज विचारलं, "तिकडे ज्वालामुखी आहेत ना गं?" वाळवंटात कसला ज्वालामुखी, असं म्हणून मी शोधायला बसले, तर २००९ मध्ये यांबूच्या उत्तरेला अल-ऐस भागात हजारो भूकंप होऊन गावंच्या गावं रिकामी केल्याचं वाचायला मिळालं.

माझं माहेर औशाजवळ. किल्लारी झालं तेव्हा मी लहान होते, पण त्या पहाटेचं सगळं आठवतं. जमीन हलणे हा विषय आमच्या घरात कुणी हसण्यावारी नेत नाही. आई तर आता रोज फोन करून "पोरीला घेऊन जाऊ नको" म्हणतेय.

त्या काळात तिकडे कुणी होतं का? नेमकं काय झालं होतं? आणि लहान मूल घेऊन तिथे राहावं का? खरं काय ते सांगा, नुसता धीर नको.

---

निवांत_नाना

अख्खी नोकरी जुबैलला काढली, भूकंप म्हणून काही जाणवला नाही. बिनधास्त जा.

---

खाडीपार

नाना, जुबैल पूर्वेला आखातावर, यांबू पश्चिमेला लाल समुद्रावर. मध्ये हजारभर किलोमीटरचं वाळवंट आहे. रत्नागिरीतल्या पावसावरून नागपूरचा पाऊस सांगता येत नाही, तसंच हे. ज्वालामुखीचा सगळा मामला पश्चिम पट्ट्यातला. ताईंचा प्रश्न रास्त आहे.

---

समुद्री_वारा

मी २००९ मध्ये यांबूलाच होते. मिस्टर रिफायनरीत, आम्ही कंपनीच्या कंपाउंडमध्ये. आठवतं तेवढं लिहिते.

एप्रिलपासूनच कुजबुज सुरू होती. अल-ऐसकडचा एक ड्रायव्हर आमच्याकडे यायचा. तो सांगायचा की रात्री जमिनीखालून ढोल वाजवल्यासारखा आवाज येतो आणि शेळ्या दावणीला थांबत नाहीत. आम्हाला यांबूत काहीच कळत नव्हतं. मग १९ मेच्या रात्री मोठा धक्का आला, ५.४ चा. आमच्या हॉलमधलं टांगतं झुंबर बराच वेळ हलत राहिलं, टीपॉयवरच्या पेल्यातल्या पाण्याला वर्तुळं उठली. काच फुटली नाही, भिंतीला तडा गेला नाही. पण सगळ्या बायका मुलांना उचलून खाली पार्किंगमध्ये.

नंतर अल-ऐसची माणसं यांबूत यायला लागली. सिव्हिल डिफेन्सने चाळीस हजारांच्या आसपास लोक हलवले, कुणी यांबूत, कुणी मदिनेत. सरकारने फर्निश्ड अपार्टमेंटं आणि हॉटेलं भाड्याने घेतली होती. आमच्या समोरच्या इमारतीत एक मोठं कुटुंब आलं, आजी, सुना, लहान मुलं. गाडीच्या टपावर गुंडाळलेले गालिचे आणि मधाचे डबे. ती आजी रोज संध्याकाळी गॅलरीत बसून उत्तरेकडे बघत राहायची. भाषा येत नव्हती, पण मी डबा पाठवला की तिकडून खजूर यायचे. उन्हाळा सरत आला तेव्हा, ऑगस्टमध्ये, त्यांना परत जायची परवानगी मिळाली.

ज्वालामुखी काही फुटला नाही. आम्ही त्यानंतरही कितीतरी वर्षं तिथेच राहिलो, मुलं तिथेच वाढली.

---

उन्हातली_जाई

समुद्री_वारा ताई, मनापासून आभार. वाचताना अंगावर काटा आला. पण फुटला नाही तर मग एवढे भूकंप कशाचे?

---

काळा_कातळ

याचं उत्तर मी देतो. धुळ्यात कॉलेजात भूशास्त्र शिकवतो, आणि अल-ऐस हा माझ्या अगदी आवडीचा विषय.

आधी भूगोल. अरबी द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात काळ्या लाव्हाची मोठमोठी पठारं आहेत. तिकडे त्यांना हर्रा म्हणतात. नावात जोडताना हर्रत. हर्रत रहात, हर्रत खैबर, हर्रत लुनैयिर, उत्तरेला सीरियापर्यंत गेलेला हर्रत अश-शाम. सगळी मिळून सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. लाल समुद्र दर वर्षी साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने रुंद होतोय, आफ्रिका आणि अरबस्तान एकमेकांपासून दूर सरकतायत. त्या ओढाताणीत आणि खालून वर येणाऱ्या उष्ण प्रावरणामुळे (पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर) या पठारांवर लाखो वर्षं अधूनमधून लाव्हा येत आलाय.

अल-ऐस आहे हर्रत लुनैयिरच्या कडेला. २००९ च्या एप्रिल ते जून या काळात तिथे तीस हजारांहून जास्त भूकंप नोंदले गेले. बहुतेक इतके लहान की फक्त यंत्रालाच कळावेत. सौदी भूगर्भ सर्वेक्षण संस्था आणि अमेरिकेची तशीच संस्था यूएसजीएस यांनी मिळून त्याचा अभ्यास केला. युरोपच्या उपग्रहाने रडारने काढलेल्या चित्रांवरून जमीन कुठे किती वर उचलली आणि कुठे खचली हे सेंटीमीटरच्या हिशेबात कळलं. निष्कर्ष असा की खालून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, वर येत होता, पण विहिरीसारख्या गोल नळीतून नाही, तर उभ्या पातळ भिंतीच्या आकारात. साधारण दहा किलोमीटर लांब, आणि वरचं टोक पृष्ठभागापासून दोनेक किलोमीटरवर. ओंडक्यात पाचर ठोकली की तो आधी कुरकुरतो आणि मग तडकतो. तेच झालं. हजारो भूकंप म्हणजे ती कुरकुर. आणि तडकणं म्हणजे जमिनीवर पडलेली भेग, जी वाढत वाढत आठ किलोमीटर लांब झाली. तिचे फोटो बघा, वाळूच्या सपाट मैदानात सरळ रेषेत जमीन फाटलीय, एक बाजू खाली आणि एक वर, आणि मधूनच एक गाडीवाट तुटलेली.

तिथे येऊन शिलारस थांबला. म्हणून उद्रेक नाही.

---

पळसफूल

सर, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

---

रोखठोक

सरांचं शास्त्र मान्य. पण मला इथे वेगळा मुद्दा मांडायचाय. चाळीस हजार माणसं, भर उन्हाळ्यात, महिनोन् महिने घराबाहेर. शेळ्या, उंट, मधमाश्यांच्या पेट्या, खजुराच्या बागा मागे टाकून. आणि शेवटी झालं काय? काहीच नाही. सरकारकडे पैसा होता म्हणून निभावलं. आपल्याकडे असं चाळीस हजारांना हलवून काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी लोक घरातून पाऊल बाहेर टाकणार नाहीत. माझ्या मते घाई झाली. १९ मेनंतर धक्के कमी होत गेलेच की.

---

डहाणूची_वाडी

रोखठोक, असहमत, आणि जरा पोटतिडकीने लिहितोय.

आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४ च्या वरचे धक्के बसले. आमच्याकडे शिलारसाचा प्रश्न नाही, ते वेगळं. पण धक्क्यांच्या मालिकेत जगणं कसं असतं ते मी सांगू शकतो. थंडीच्या दिवसांत माणसं तंबूत झोपली. शाळा अंगणात भरल्या. धुंदलवाडीकडच्या पाड्यांवर कुडाच्या घरांना फारसं काही झालं नाही, पण नव्याने बांधलेल्या विटांच्या घरांना भेगा गेल्या. पहिले काही दिवस धक्का आला की सगळे पळायचे, नंतर लोक जागेवरून उठेनासे झाले, आणि मला भीती त्याचीच वाटायची. "कमी होत जातील" हे नंतर आलेख बघून म्हणता येतं. त्या रात्री घराच्या आत असताना पुढचा धक्का लहान असेल की मोठा, हे कुणालाच ठाऊक नसतं.

---

उन्हातली_जाई

डहाणूची_वाडी, अगदी हेच. किल्लारीत १९९२ मध्ये धक्के बसत होते. लोक भ्यायले होते, पुनर्वसनाची मागणीही झाली होती. मग धक्के थांबले, सगळे शांत झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजायच्या जरा आधी ६.२ चा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या आत्याचं घर माळवदाचं होतं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. मे महिन्यात आत गारवा असायचा. तेच छप्पर सगळ्यांवर बसलं. आत्या वाचली, कारण ती अंगणात झोपली होती.

रोखठोक, रिकाम्या गावात काही झालं नाही, ही मला तरी चांगली बातमी वाटते.

---

रोखठोक

जाईताई, तुमच्या घरच्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. किल्लारीबद्दल मला वाद घालायचाच नाही. माझा प्रश्न फक्त एवढाच की उद्रेक होणार की नाही हे शास्त्रज्ञांना आधी सांगता येत नसेल, तर रिकामं करायचं कशाच्या जोरावर?

---

काळा_कातळ

प्रश्न योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

होणार की नाही, याचं हो-नाही उत्तर तेव्हाही देता येत नव्हतं, आजही नाही. पण त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. एक, नुसते कडाड्कन येणारे भूकंप नव्हते, त्यात मंद लयीचे कंपही होते, जे द्रव हलत असताना उमटतात. म्हणजे साधं प्रस्तर सरकणं नाही, खाली शिलारस आहे. दोन, जमीन पसरत होती आणि भेग रोज लांब होत होती. तीन, ती भेग वस्तीच्या जवळ होती. शिलारस दोन किलोमीटरवर आला की तो वर येतो की आडवा थांबतो, हे ठरायला काही तासही पुरतात. त्यात अल-ऐसहून बाहेर पडायचे रस्ते मोजकेच. अशा वेळी उद्रेक सुरू झाल्यावर चाळीस हजार माणसं हलवू म्हणणं जोखमीचं होतं.

आणि लाव्हा आलाच नसता तरी ५.४ पेक्षा मोठा भूकंप होण्याची शक्यता होतीच. जाईताई, तुमच्या माहितीसाठी, ५.४ च्या मानाने किल्लारीच्या ६.२ मध्ये साधारण सोळापट ऊर्जा होती. अल-ऐसमध्ये ५.४ नेही काही घरांना तडे गेले होतेच.

जगभर असे वर येऊन थांबलेले शिलारस बरेच असतात, किंबहुना थांबणारेच जास्त. म्हणून गाव रिकामं करणं वाया गेलं असं मला वाटत नाही. तो निर्णय अगदी बरोबर होता, आणि वर्गात मी तो चांगल्या निर्णयाचं उदाहरण म्हणून शिकवतो.

---

कोयनाकाठ

सरांना +१. आमच्या पाटण भागात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आजही घराघरात सांगितला जातो. ६.३ चा होता, कोयनानगर झोपलं. तेव्हापासून धक्के येतच असतात. मी तर जन्मापासून बघतोय. आमच्याकडे मुलांना शाळेत जायच्या आधी शिकवतात, भांडी वाजली की दाराकडे नाही, टेबलाखाली. धक्क्यांसकट राहता येतं, फक्त घर नीट बांधलेलं हवं. ताई, तुम्ही जिथे राहणार ती इमारत कधीची आणि कशी बांधलीय, हे ज्वालामुखीच्या आधी विचारा.

---

रफिक_दापोली

सलाम. या धाग्यावर मदिनेची गोष्ट कुणीच कशी सांगितली नाही?

आमचे चाचा मदिनेत बरीच वर्षं होते. आमच्या खाडीपट्ट्यातल्या घराघरातून कुणी ना कुणी जेद्दा, मदिना, यांबूला असतंच. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेलं, पुढे नीट वाचलं. हिजरी ६५४, म्हणजे इसवी सन १२५६. मदिनेत आधी काही दिवस भूकंप झाले, मग शहराच्या आग्नेयेला जमीन फाटून आग वर आली. बावन्न दिवस लाव्हा वाहत होता, तेवीस किलोमीटरपर्यंत गेला आणि शहराच्या दिशेने येत होता. लोक मशिदीत जमून दुआ करत होते, गुलामांना मुक्त करत होते. लाव्हा शहरात शिरला नाही, उत्तरेकडे वळला. मदिनेतून पाठवलेल्या पत्रांत याची वर्णनं आहेत, आणि ती दमास्कसच्या अबू शामा या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली. हिजाजमधून, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशातून, आग निघेल अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, तिचा संबंध अनेक आलिम, म्हणजे धर्मपंडित, याच घटनेशी लावतात. आमच्याकडे ही गोष्ट श्रद्धेने सांगतात.

चाचा मला विमानतळाकडे जाताना तो काळा दगड दाखवायचे. कोकणातल्या कातळासारखाच, पण त्यावर गवताचं पातं नाही, आणि कडा इतक्या धारदार की चपलेचा तळ कापला जातो. आता मदिना पसरत पसरत त्या लाव्हाच्या जवळ पोचलीय.

---

काळा_कातळ

रफिकभाई, फार महत्त्वाची भर घातलीत. हर्रत रहातचा तो उद्रेक आम्हा लोकांसाठी सोन्यासारखा आहे, कारण प्रत्यक्ष बघणाऱ्यांनी दिवसागणिक लिहून ठेवलाय. आणि त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी भूकंप, मग फट, मग लाव्हा. २००९ मध्ये अल-ऐसला पहिल्या दोन पायऱ्या झाल्या होत्या. रोखठोक, हाही एक आधार होता.

---

पळसफूल

अवांतर: तायफच्या बाजूला अल-वाहबाचं विवर पाहिलंय का कुणी? आम्ही जेद्दाहून गेलो होतो. वाळवंटात चालता चालता एकदम पायाखाली दोन किलोमीटर रुंद, अडीचशे मीटर खोल खड्डा! तळाशी पांढरा शुभ्र क्षार. कडेला खजुराची झाडं. मुलांना खाली उतरवायचा विचार असेल तर पहाटेच जा आणि पाणी भरपूर न्या, वर चढताना ऊन जीव काढतं.

---

कोयनाकाठ

ते उल्केने पडलेलं ना, लोणारसारखं?

---

काळा_कातळ

नाही, आणि यात एक गंमत आहे. वाहबा आधी काही जणांना उल्कापातातलं वाटलं होतं, पण ते ज्वालामुखीचं आहे. वर येणारा शिलारस आणि जमिनीतलं पाणी यांची गाठ पडून झालेला स्फोट. आपलं लोणार आधी ज्वालामुखीचं समजलं जायचं, आणि ते निघालं उल्केचं. दोन्हीही बेसाल्टमधली मोठी विवरं, आणि दोन्हींच्या बाबतीत पहिला अंदाज उलटा पडला.

---

निवांत_नाना

मी मागे बिनधास्त जा म्हटलं, पण धागा वाचून एक विचारतो. गेल्या वर्षी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, इथिओपियाच्या ज्वालामुखीची राख आपल्याकडे आली आणि विमानं रद्द झाली. पुतण्या जेद्दाला जायचा होता, विमानतळावरूनच परतला. ते आणि हे एकच का?

---

खाडीपार

एकच नाही, पण घराणं एक. तो हायली गुब्बी, अफार भागातला. राख लाल समुद्र ओलांडून येमेन, ओमानवरून आपल्याकडे आली. लाल समुद्राच्या दोन्ही काठांना आणि खुद्द समुद्रातही ज्वालामुखी आहेत. येमेनजवळच्या जबल अत-तैर बेटावर २००७ मध्ये उद्रेक होऊन तिथल्या चौकीतले सैनिक मेले. झुबैर द्वीपसमूहात २०११ ते १३ दरम्यान समुद्रातून दोन नवी बेटं वर आली. आणि भूकंपांचं म्हणाल तर १९९५ मध्ये अकाबाच्या आखातात ७ च्या वरचा होऊन गेलाय, १९८२ मध्ये येमेनमध्ये धमारला झालेल्या भूकंपात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. तिथेही दगड-मातीचीच घरं होती.

---

उन्हातली_जाई

सगळं वाचतेय, वहीत उतरवूनही घेतेय. कोयनाकाठ, इमारतीची चौकशी केली. आरसीसी, अलीकडची, तीन मजली, आम्ही पहिल्या मजल्यावर. आता सांगा, घरात काय तयारी ठेवू? आईला सांगायला ठोस काहीतरी हवं.

---

समुद्री_वारा

पाणी, पाणी आणि पाणी. यांबूचं पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, मदिनेलाही तिथूनच नळाने जातं. तो कारखाना बंद पडला किंवा वाहिनी फुटली तर विहीर नाही, नदी नाही. मी कायम पलंगाखाली बाटल्यांचे खोके ठेवायचे आणि ते फिरवत वापरायचे. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. इकामा (तिकडचा राहण्याचा परवाना), पासपोर्टच्या प्रती, लेकीची औषधं, थोडी रोकड एका पिशवीत दाराजवळ. कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की करून घ्या, पलंगाच्या डोक्यावर काचेची फ्रेम लावू नका. आणि उन्हाळ्यात बाहेर पळावं लागलं तर चपला आणि टोपी, डांबरावर अनवाणी पाय भाजतात. लेकीला हे खेळासारखं शिकवा, भीती घालून नको.

बाकी अल-ऐस यांबूपासून दीडशेक किलोमीटरवर आहे. लाव्हा तुमच्या दारात येणार नाही. हलणं जाणवेल, कदाचित तेही नाही.

---

रोखठोक

मूळ प्रश्नावर माझंही मत: जा. आणि रिकामं करण्याबद्दल, सरांचा रस्त्यांचा मुद्दा पटला. तरीही माझं म्हणणं आहे की हलवलेल्या लोकांच्या जनावरांची, बागांची सोय आराखड्यात आधीपासून हवी. नाहीतर माणसं चोरून परत जातात.

---

डहाणूची_वाडी

याला मात्र शंभर टक्के सहमत. आमच्याकडे बाया तंबूतून पहाटे उठून कोंबड्यांसाठी घरात जायच्याच.

---

उन्हातली_जाई

काल आईला समुद्री_वारा ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तो थांबलेला लाव्हा अजून तिथेच खाली आहे का? सर, सांगाल?

---

काळा_कातळ

आईंना सांगा, जो वर आला होता तो आता दगड झालाय. मीटर-दोन मीटर जाडीची ती भिंत खडकात अडकली की फार काळ वितळलेली राहत नाही. खूप खोल, जिथून तो निघाला, तिथली उष्णता कायम आहे. त्यामुळे पुढे कधीतरी, शेकडो वर्षांनी किंवा त्याआधी, दुसरी भिंत वर येऊ शकते. फरक असा की २००९ नंतर त्या भागात भूकंपमापकांचं जाळं बरंच वाढवलंय, तेव्हा पहिली कुरकुर आता लवकर ऐकू येईल.

आणि अशी भिंत दिसते कशी, हे बघायचं असेल तर सौदीला जायची गरज नाही. साक्री, नंदुरबार, दोंडाईचा या पट्ट्यात शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडांच्या लांबच लांब टेकड्या दिसतात. त्या अशाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. वरची माती, खडक झिजून गेले आणि भिंती उघड्या पडल्या. जायच्या आधी वेळ मिळाला तर लेकीला घेऊन या, मी दाखवतो. पावसाळा संपल्यावर आलात तर बरं, तेव्हा शेतांच्या हिरव्यात ती काळी रेघ लांबूनच ओळखू येते.